आंबा हे फळ. मग आंब्यांची यादी ही फळांची यादी का नव्हे?

संगणकाला ५ हा पूर्णांक देऊन तो दशांश संख्येसाठी राखलेल्या जागेत ठेवण्यास सांगितले, तर बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषा विनातक्रार त्याचे ५.० करून टाकतात. प्रोग्रॅमरने तशी आज्ञा लिहिलेली नसते. कम्पायलर ते काम परस्पर उरकतो. यास अध्याहृत प्रकार-रूपांतर असे म्हणता येईल. जावा, सी-शार्प, स्काला यांसारख्या भाषांत प्रत्येक चलाचा प्रकार प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच निश्चित झालेला असतो. अशा भाषांत हे रूपांतर केव्हा होऊ द्यावे आणि केव्हा रोखावे, याचे नियम काटेकोर असतात. 'आंबा' हा वर्ग 'फळ' या वर्गापासून घडविला असेल, तर आंबा फळाच्या जागी बिनदिक्कत ठेवता येतो. जावाच्या भाषानियमांत यालाही रूपांतरच म्हटले आहे, जरी प्रत्यक्षात संगणकाच्या स्मृतीतील एक बिटही हलत नाही.

अडचण येते ती एका आंब्याची नव्हे, तर आंब्यांच्या यादीची. आंबा हे फळ आहे, तर आंब्यांची यादी ही फळांची यादी असायला हवी, असे कोणासही वाटेल. जावाचा कम्पायलर मात्र २००४ सालापासून या समजुतीस ठाम नकार देत आला आहे. नवख्या विद्यार्थ्यास हा नकार हटवादी वाटतो. त्याच कम्पायलरला आंब्यांचा अ‍ॅरे फळांचा अ‍ॅरे म्हणून दिला, तर तो मुकाट्याने स्वीकारतो, हे कळल्यावर तर त्याचा गोंधळ अधिकच वाढतो. एकाच भाषेत, एकाच प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे कशी मिळतात, याचा उलगडा त्या भाषेच्या इतिहासात आहे.

पेटीचा दाखला

देवगडच्या हापूसची एक पेटी डोळ्यांसमोर आणावी. ज्याला केवळ फळ हवे आहे, त्याने या पेटीत हात घातला तर त्याला आंबा मिळेल, आणि आंबा हे फळच असल्याने त्याची काही तक्रार राहणार नाही. म्हणजे पेटीतून वस्तू काढण्यापुरते पाहिले, तर आंब्यांची पेटी ही फळांची पेटी खचितच आहे. आता त्याच पेटीवर 'फळे' अशी चिठ्ठी लावून ती दुसऱ्याच्या हाती दिली, असे समजू. तो तिच्यात केळे टाकील, आणि चिठ्ठी पाहता त्यात त्याची काही चूक नाही. परंतु पेटीचा मूळ मालक तिला अजून आंब्यांचीच पेटी समजत असतो. तो हात घालतो आणि केळे बाहेर येते.

प्रोग्रॅमच्या बाबतीत हे 'केळे बाहेर येणे' म्हणजे चालू प्रोग्रॅम मध्येच कोसळणे होय. चूक एका ठिकाणी झालेली असते आणि ती उघड होते भलत्याच ठिकाणी, कदाचित भलत्याच विभागाने लिहिलेल्या भागात. अशा चुका प्रोग्रॅम चालण्यापूर्वी पकडल्या जाव्यात याकरिताच तर प्रकारबद्ध भाषांचा खटाटोप असतो. त्यामुळे या एका रूपांतराचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन फळांपैकी जड कोणते हे सांगणारी एखादी आज्ञावली असेल, तर ती दोन आंब्यांपैकी जड कोणता हेही सांगू शकते. येथे 'फळांची तुलना करणारा' हा 'आंब्यांची तुलना करणारा' म्हणून चालतो; नात्याची दिशाच उलटी झाली. संगणकशास्त्रात पहिल्या, सुलट्या नात्यास कोव्हेरियन्स, दुसऱ्या, उलट्या नात्यास कॉन्ट्राव्हेरियन्स आणि कोणतेच नाते न मानण्यास इनव्हेरियन्स म्हणतात. ज्यातून केवळ वस्तू बाहेर येतात ते सुलट्या दिशेने बदलू द्यावे, ज्यात केवळ वस्तू आत जातात ते उलट्या दिशेने, आणि जेथे दोन्ही व्यवहार चालतात तेथे काहीच बदलू देऊ नये, एवढाच हा नियम आहे. मात्र तो अमलात कसा आणायचा, याबाबत भाषाकर्त्यांत एकवाक्यता कधीच झाली नाही.

अ‍ॅरेची सवलत

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्या भाषेत जेनेरिक प्रकार नव्हते. 'कोणत्याही प्रकारच्या वस्तूंची यादी' असे नेमकेपणाने लिहिण्याची सोयच नव्हती. अशा स्थितीत कोणताही अ‍ॅरे घेऊन त्याचा क्रम लावणारी, किंवा दोन अ‍ॅरे ताडून पाहणारी एकच सामाईक आज्ञावली लिहायची कशी? तोडगा असा निघाला, की कोणत्याही वर्गाच्या वस्तूंचा अ‍ॅरे हा 'ऑब्जेक्ट' या सर्वसमावेशक वर्गाचा अ‍ॅरे म्हणून चालू द्यावा. पुढे मायक्रोसॉफ्टची सी-शार्प ही भाषा २००२ साली आली, तेव्हा तिनेही अ‍ॅरेपुरती हीच सवलत उचलली.

सवलतीची किंमत प्रोग्रॅम चालत असताना मोजावी लागते. जावातील प्रत्येक अ‍ॅरे आपला मूळ प्रकार स्वतःजवळ बाळगतो. वस्तूंच्या अ‍ॅरेत काही ठेवायचे झाले, की ती वस्तू त्या मूळ प्रकारात बसते की नाही हे तपासले जाते, आणि न बसल्यास 'अ‍ॅरे-स्टोअर-एक्सेप्शन' ही त्रुटी उद्भवते. कम्पायलर अनेकदा हुशारीने ही तपासणी टाळतो, पण सर्वत्र ती टाळता येत नाही. म्हणजे केळे पेटीत पडण्याआधी दाराशीच अडविले जाते, हे खरे. पण अडविले जाते ते प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती गेल्यावर.

या सवलतीलाही एक मर्यादा आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. जावात 'इंट' हा पूर्णांक 'लाँग' या मोठ्या पूर्णांकात आपोआप रूपांतरित होतो. मात्र इंटचा अ‍ॅरे लाँगच्या अ‍ॅरेत होत नाही. इंट स्मृतीत ४ बाइट व्यापतो, तर लाँग ८. एकेका संख्येचे रूप बदलणे सोपे. पण ४-४ बाइटांवर आखलेल्या रांगेला ८-८ बाइटांची रांग समजणे केवळ अशक्य आहे. तेथे नवी रांग बांधून प्रत्येक मूल्य तिच्यात नेऊन ठेवावे लागेल, आणि एवढे काम प्रोग्रॅमरला न सांगता करण्यास जावाची तयारी नाही.

जेनेरिक्सचे आगमन

मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॉडलर या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ साली 'पिझ्झा' नावाची जावाची एक सुधारित भाषा मांडली. पुढल्याच वर्षी गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांच्यासह त्यांनी 'जीजे' ही आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पायावर उभे राहिलेले जेनेरिक्स ३० सप्टेंबर २००४ रोजी जावाच्या पाचव्या आवृत्तीत अधिकृतपणे दाखल झाले. आता 'आंब्यांची यादी' असे स्पष्ट लिहिता येऊ लागले.

येथे एक अट आडवी आली. तोवर जगभर लिहिले गेलेले जावाचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत राहणे आवश्यक होते. म्हणून जेनेरिक्सची माहिती कम्पायलर केवळ तपासणीसाठी वापरतो आणि तपासणी संपली की पुसून टाकतो, अशी योजना करण्यात आली. चालू प्रोग्रॅममध्ये आंब्यांची यादी आणि केळ्यांची यादी यांत फरक उरत नाही. दोन्ही नुसत्या याद्या. अ‍ॅरेजवळ स्वतःची ओळख असते, म्हणून तो दाराशी केळे अडवू शकतो. यादीजवळ ती ओळखच नसल्यामुळे तिला पहारा ठेवता येत नाही. सबब चूक पकडण्याची एकमेव जागा म्हणजे कम्पायलर, आणि त्याने आंब्यांच्या यादीचे फळांच्या यादीत होणारे रूपांतर सरसकट नाकारले. नवख्यास हटवाद वाटणाऱ्या नकाराचे कारण हे असे आहे.

जुन्या प्रोग्रॅमांसाठी मात्र एक खिडकी उघडी ठेवावी लागली. ज्या यादीवर प्रकाराची चिठ्ठीच नाही, अशी २००४ पूर्वीच्या धाटणीची 'कच्ची' यादी आंब्यांच्या यादीच्या जागी ठेवता येते. हे रूपांतर अध्याहृतच आहे. कम्पायलर केवळ एक इशारा देऊन पुढे जातो. घाईच्या कामात हे इशारे वाचले जात नाहीत, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. अशा यादीत शिरलेले केळे तेथे बराच काळ निवांत पडून राहू शकते आणि कोणीतरी आंबा म्हणून ते उचलताच प्रोग्रॅम कोसळतो. अपराधी शोधण्यासाठी त्याच पाचव्या आवृत्तीत 'चेक्ड-लिस्ट' नावाचे एक वेष्टण पुरविले गेले. ते यादीभोवती गुंडाळले, की चुकीची वस्तू आत टाकणारा जागच्या जागी सापडतो. ही उपयुक्त सोय आजही फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रश्नचिन्हाची युक्ती

सरसकट नकार व्यवहारात परवडणारा नव्हता. फळांचे एकूण वजन काढणाऱ्या आज्ञावलीला आंब्यांची यादी चालू नये, हे कोणाला पटेल? यावर उपाय म्हणून अत्सुशी इगाराशी आणि मिर्को व्हिरोली यांनी २००२ साली मांडलेल्या कल्पनेचा आधार घेऊन जावात 'वाइल्डकार्ड' आणण्यात आले. 'फळ किंवा फळाचा कोणताही उपप्रकार यांची यादी' असे प्रश्नचिन्ह व 'एक्स्टेंड्स' हा शब्द वापरून लिहिता येते. अशा जागी आंब्यांची यादी आपोआप बसते; मात्र त्या बदल्यात तिच्यात काही घालण्याचा हक्क गमवावा लागतो. उलट 'सुपर' हा शब्द वापरला, तर यादीत आंबा घालता येतो, पण बाहेर येणारी वस्तू नेमकी कोणती याची हमी मिळत नाही. पेटीवरची चिठ्ठी बदलण्यास परवानगी आहे, पण तिच्यासोबत झाकणही बदलते, असे याचे वर्णन करता येईल.

जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकाच्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी 'पेक्स' हे चार अक्षरी इंग्रजी स्मरणसूत्र दिले : जो पुरवितो त्यास एक्स्टेंड्स, जो घेतो त्यास सुपर. जावाच्या अधिकृत ग्रंथालयातील एका यादीतून दुसऱ्या यादीत नक्कल करणारी 'कॉपी' ही आज्ञावली या सूत्राचा आदर्श नमुना होय. तिच्यात स्रोताला एक्स्टेंड्स आहे व लक्ष्याला सुपर.

युक्ती चोख आहे, पण सोपी नाही. वाइल्डकार्डांनी भरलेल्या आज्ञावलीत चूक झाली, की कम्पायलर 'कॅप्चर' या शब्दाने सजलेले जे लांबलचक संदेश देतो, ते वाचून अनुभवी प्रोग्रॅमरही क्षणभर थबकतो. भाषेची सुरक्षितता वाढली, पण तिचे ओझे यादी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या शिरावर आले, ही टीका रास्त म्हणावी लागेल. ब्लॉक यांनीही एक पथ्य घालून दिले आहे : वाइल्डकार्ड आज्ञावलीला मिळणाऱ्या माहितीत वापरावे, तिने परत दिलेल्या उत्तरात वापरू नये. ग्रंथालयाच्या वापरकर्त्याला वाइल्डकार्डांचा विचार करावा लागत असेल, तर ग्रंथालयाच्या रचनेतच काही चुकले असावे, असा त्यांचा रोख आहे.

ओझे कोणी वाहावे?

सी-शार्पने हे ओझे वापरणाऱ्याकडून काढून प्रकार घडविणाऱ्याकडे दिले. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रातील डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांच्या कामातून त्या भाषेत २००५ साली जेनेरिक्स आले. त्यांची माहिती चालू प्रोग्रॅममध्येही टिकून राहते, हा जावाशी असलेला मोठा फरक. सुरुवातीस तेथेही याद्यांचे रूपांतर बंदच होते. एप्रिल २०१० मधील चौथ्या आवृत्तीने 'इन' आणि 'आउट' हे दोन शब्द दिले. एखाद्या इंटरफेसमधून वस्तू केवळ बाहेर येत असतील, तर त्याच्या कर्त्याने एकदाच 'आउट' लिहावे. त्यानंतरची रूपांतरे आपोआप होतात. 'आउट' लिहूनही एखादी वस्तू आत घेण्याची वाट ठेवली, तर कम्पायलर ती घोषणाच फेटाळतो. ज्यातून एकामागून एक वस्तू काढता येतात, पण घालता येत नाहीत, तो 'आय-इन्युमरेबल' हा इंटरफेस याचा सर्वांत मोठा लाभार्थी ठरला. आधीच्या आवृत्तीत नाकारला जाणारा मजकूर २०१० नंतर एक अक्षर न बदलता स्वीकारला जाऊ लागला. 'लिस्ट' हा वर्ग स्वतः मात्र तेथे आजही अपरिवर्तनीयच आहे, कारण तो देतो आणि घेतोही.

येथेही स्मृतीच्या मांडणीचा अडसर आहेच. शब्दांची यादी 'ऑब्जेक्ट'च्या मालिकेच्या जागी चालते. पूर्णांकांची चालत नाही. शब्द हे पत्त्याच्या रूपाने साठविलेले असतात, तर पूर्णांक थेट मूल्याच्या रूपाने. पहिल्या बाबतीत काहीच हलवावे लागत नाही, दुसऱ्या बाबतीत प्रत्येक संख्येला वेष्टण घालावे लागेल.

जेटब्रेन्स कंपनीच्या कोट्लिन भाषेने २०१६ सालच्या पहिल्या आवृत्तीत हेच 'इन' व 'आउट' स्वीकारले आणि आणखी एक पाऊल टाकले. तिच्यात केवळ वाचावयाची यादी आणि बदलता येणारी यादी हे दोन निराळे प्रकार आहेत. पहिली रूपांतरित होते, दुसरी होत नाही. जावाच्या अ‍ॅरेची जुनी सवलतही तिने काढून घेतली.

ओडर्स्की यांच्याच स्काला भाषेतील उत्तर या सर्वांत देखणे म्हणता येईल. तेथील मूळ यादी कधी बदलतच नाही. आंब्यांच्या यादीच्या अग्रभागी केळे जोडले, तर जुनी यादी तशीच राहते आणि कम्पायलर निमूटपणे फळांची एक नवी यादी हाती ठेवतो. केळे आत गेले, तरी आंब्यांच्या मालकाची फसवणूक झाली नाही.

मात्र याच स्कालाला दुसऱ्या एका अध्याहृत रूपांतराने हात पोळून घ्यावे लागले. जावाच्या याद्या स्कालात आपोआप वापरता याव्यात, यासाठी २०१० च्या २.८ आवृत्तीत 'जावा-कन्व्हर्जन्स' ही सोय आली. ती एकदा आयात केली, की जावाची यादी जेथे गरज पडेल तेथे न सांगता स्कालाच्या वेष्टणात गुंडाळली जाई. लिहिण्यास हे सुखाचे, पण वाचण्यास कठीण होते. रूपांतर नेमके कोठे झाले, ते मजकुरावरून दिसत नसे. शिवाय ती नक्कल नसून केवळ वेष्टण असल्याने, वेष्टणातून केलेला बदल मूळ यादीतही उमटत असे. अखेर २०१६ मधील २.१२ आवृत्तीत ही सोय त्याज्य ठरविण्यात आली आणि २०१९ च्या २.१३ मध्ये ती काढून टाकण्यात आली. आता रूपांतर हवे असल्यास 'अ‍ॅझ-स्काला' वा 'अ‍ॅझ-जावा' असे स्पष्ट लिहावे लागते.

अ‍ॅपलच्या २०१४ मधील स्विफ्ट भाषेत आंब्यांचा अ‍ॅरे फळांच्या अ‍ॅरेत आपोआप रूपांतरित होतो, आणि तरीही पेटीत केळे सापडत नाही. कारण तेथे अ‍ॅरे हे मूल्य मानले जाते. दुसऱ्याच्या हाती जाते ती स्वतंत्र प्रत. त्या प्रतीत कोणी काहीही घातले, तरी मूळ अ‍ॅरे अबाधित राहतो. पूर्णांकांचा अ‍ॅरे 'एनी' या सर्वसमावेशक प्रकाराच्या अ‍ॅरेत बदलणेही तेथे चालते, मात्र त्यासाठी प्रत्येक घटकावर काम करावे लागते आणि अ‍ॅरे मोठा असल्यास ते जाणवते. ही सवलत भाषेने आपल्या ठरावीक संग्रहांना दिली आहे. प्रोग्रॅमरने स्वतः घडविलेल्या जेनेरिक प्रकारास ती मिळत नाही. गुगलच्या 'गो' भाषेने याच खर्चाकडे बोट दाखवून विरुद्ध निर्णय घेतला. तेथे शब्दांची रांग सर्वसमावेशक प्रकाराच्या रांगेत आपोआप होत नाही. प्रोग्रॅमरने एकेक घटक स्वतः नेऊन ठेवावा, म्हणजे किती काम होत आहे ते त्याच्या नजरेसमोर राहते. मार्च २०२२ मध्ये १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स आल्यानंतरही हा नियम कायम राहिला.

थोडा धोका पत्करून सोय पसंत करणाऱ्याही भाषा आहेत. बर्ट्रंड मेयर यांच्या आयफेल भाषेत हे रूपांतर मोकळे होते; त्यातील धोका विल्यम कुक यांनी १९८९ साली दाखवून दिला. गुगलच्या डार्टमध्ये आंब्यांची यादी आजही फळांची यादी म्हणून चालते आणि केळे घालताना चालू प्रोग्रॅममध्ये तपासणी होते. जावाच्या अ‍ॅरेचाच हा मार्ग, पण जाणीवपूर्वक निवडलेला.

जावाची कडक तपासणीही पूर्ण निर्दोष नाही, हे नादा अमीन आणि रॉस टेट यांनी २०१६ साली सिद्ध केले. वाइल्डकार्ड आणि 'नल' हे रिक्त मूल्य यांची चतुराईने सांगड घातली, तर कम्पायलरची कोणतीही आडकाठी न येता एका प्रकारची वस्तू भलत्याच प्रकारची म्हणून खपविता येते, असा छोटा प्रोग्रॅम त्यांनी लिहून दाखविला. तो चालविल्यावर जावाच्या यंत्रणेने शेवटच्या क्षणी त्रुटी देऊन अनर्थ टाळला, म्हणजे २००४ मध्ये कम्पायलरवर सोपविलेला पहारा पुन्हा दाराशी उभ्या असलेल्या शिपायालाच करावा लागला. रोजच्या कामात असा मजकूर कोणी चुकून लिहील, ही शक्यता अत्यल्प आहे.

आंब्यांची यादी फळांची यादी म्हणून द्यायचीच असेल आणि समोरची आज्ञावली बदलणे हाती नसेल, तर जावातही सुरक्षित वाट उपलब्ध आहे. जावाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०१८ पासून, 'लिस्ट-कॉपी-ऑफ' ही आज्ञावली आंब्यांची यादी घेऊन फळांची न बदलणारी यादी देते. नक्कल परवडत नसेल, तर 'कलेक्शन्स' वर्गातील 'अनमॉडिफायेबल-लिस्ट' वापरावी. ती आत घेताना 'फळ किंवा त्याचा उपप्रकार' यांची यादी मागते आणि बाहेर देताना निखळ फळांची यादी देते. मध्ये एकही घटक हलत नाही. त्या यादीत कोणी केळे घालू पाहिले, तर ते जागीच नाकारले जाते. मूळ मालकाने आपल्या यादीत नवा आंबा टाकला, तर तो मात्र या यादीतही लगेच दिसू लागतो, एवढे लक्षात ठेवावे लागते.